न्हाणीतल्या चुलीचा साज

विटांची शेकोटी आणि तिच्यावरची फळी कशी सजवावी, हा प्रश्न मराठी घरात एके काळी कोणी विचारला नसता. आज तो विचारला जातो, आणि वारंवार विचारला जातो. मुलगी, भाचा, नातसून परदेशी स्थायिक झालेली असतात. त्यांच्या घराच्या बैठकीत भिंतीला विटांची एक कमान, तिच्यापुढे विटांचाच बुटका ओटा आणि वर लाकडाची जाड फळी अशी रचना त्यांना आयती मिळालेली असते. त्या फळीवर गणपती ठेवावा की समया, कमानीला तोरण बांधावे की नाही, पुढच्या ओट्यावर रांगोळी काढली तर चालेल काय, अशी पृच्छा दिवाळी जवळ आली की इकडच्या आईकडे, आत्याकडे होते. सोबत छायाचित्र असते. आई ते कौतुकाने शेजारणीला दाखवते. शेजारीण चष्मा पुसून पाहते आणि विचारते, "छान आहे हो, पण ही पेटते का?"

शेजारणींचा हा प्रश्न आम्हांला मोलाचा वाटतो. गृहसजावटीची विलायती धाटणीची पुस्तके मेणबत्त्यांची उंची, आरशाची चौकट, फुलदाण्यांच्या जोड्या यांविषयी पानेच्या पाने लिहितात. चूल पेटते की नाही ही गोष्ट त्यांत कोठेतरी तळटिपेसारखी येते. आमच्या मते ती प्रथम यावी. पेटत्या चुलीचा साज निराळा आणि विझलेल्या चुलीचा निराळा.

आपल्यापैकी पुष्कळांनी अशी बैठकीतली शेकोटी प्रथम पाहिली ती महाबळेश्वराच्या जुन्या बंगल्यांत, किंवा त्याहूनही अधिक जणांनी ती हिंदी चित्रपटांत पाहिली. वादळी रात्र, भिजलेली नायिका आणि कोणी न पेटवता पेटलेली शेकोटी! आम्हां लोंढा-खानापूरकडच्या घरांत बैठकीत विस्तव ठेवण्याची चाल नाही. मात्र त्या विलायती रचनेतला एकेक अवयव घेतला, तर त्याला आमच्या घरात शब्द आहे. पुढच्या ओट्याला चुलीपुढचा ओटा म्हणावे. वरच्या फळीला विलायतेत मँटल म्हणतात. मुळात तो शब्द धूर गोळा करण्यासाठी आगीवर बांधलेल्या छपरासारख्या भागाचा होता, पुढे त्याची फळी झाली आणि फळीवर शोभेच्या वस्तू आल्या. आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या पाठीशी जो उंचवटा असे त्याला भाणवस म्हणत, कोणाच्या तोंडी भानुशी. त्याच्यावर मिठाचे गाडगे, काड्यांची पेटी, उरलेली भाकरी आणि कधी दुधाचे भांडे असे. तेथे शोभेची वस्तू ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण तेथे ठेवलेली प्रत्येक वस्तू दिवसातून चार वेळा हाताला लागे. स्वयंपाकाच्या चुलीचा साजही असाच कामाचा होता. रात्री जेवणे आटोपली की चुलीला पोतेरे फिरवायचे आणि सकाळी रांगोळीची दोन बोटे ओढून हळदकुंकू वाहायचे. तो पाहण्यास कोणी येत नसे. सोवळ्याओवळ्याच्या घरांत तर तेथवर येण्याची मुभाही थोड्यांनाच होती.

आमच्याकडे खऱ्या अर्थाने सजते ती दुसरी चूल. ती न्हाणीत असते.

लोंढा हे गाव ज्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांना तेथले जंक्शन आठवेल. बेळगावाकडून येणारा मार्ग येथे दुभंगतो. एक फाटा धारवाड-हुबळीस जातो, दुसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात. गोव्याकडचा हा लोहमार्ग १८८८ साली सुरू झाला, तो मीटर गेजचा होता, आणि १९९०च्या दशकात रुंद झाला. पण खिडकीतून न दिसणारी गोष्ट म्हणजे येथला पाऊस. सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेल्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने कपडा वाळत नाही, भिंत वाळत नाही, जळणही वाळत नाही. त्या दिवसांत न्हाणीतली चूल हेच घरातले एकमेव कोरडे स्थान. विटांच्या दोन बुटक्या भिंती, मागे तिसरी, मध्ये जळण सारण्याचे तोंड, आणि वर मातीने लिंपून कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा अशी तिची बांधणी. वीट येथलीच. खानापूरची माती कौलांना, विटांना आणि मडक्यांना नावाजलेली आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरात आहे ती काही उगाच नव्हे. त्या चुलीवर पहाटेपासून पाणी तापे. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना तिचेच पाणी. निखारे बाहेर ओढून त्यांवर पालथी टोपली घातली की तिच्यावर बाळाची दुपटी वाळत. शाळेतून भिजून आलेले मूल पाटी-दप्तर टाकून प्रथम कोठे जाई, तर तेथे.

आणि ती सर्वांची होती, हे महत्त्वाचे. तिला सोवळे नव्हते. घरातली म्हातारी, मोलकरीण, पाहुणा, कोणीही तिच्यापुढे उकिडवे बसून एखादे लाकूड आत सारू शके.

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी हिचा सण. कानडी शेजारी त्याला 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण म्हणतात. आम्ही नुसते 'पाणी भरणे' म्हणतो. महाराष्ट्रात त्या दिवशी धनत्रयोदशीचे दिवे आणि धनाची पूजा हेच मुख्य. आमच्याकडे तेही होते, परंतु घरातल्या मुलांना विचाराल तर त्यांचा सारा जीव न्हाणीत. (हंड्याला कानडीतही 'हंडे'च म्हणतात. सीमेचा वाद कित्येक वर्षांचा असला, तरी पाणी तापवायच्या भांड्यावरून तो झाल्याचे ऐकिवात नाही.)

दुपारी हंडा घासायला काढतात. बसवलेला असेल तर न्हाणीतच वाकून घासावा लागतो. चिंच आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवले की तांब्यावर चढलेला काळा थर आम्लाने विरघळतो. मग राखेने चोळून धुतले की आतून गुलाबी रंग निघतो. बाहेरच्या बुडाचे काजळ मात्र कोणी काढत नाही, काढूही नये. काळे बूड उष्णता चांगली धरते. नंतर चुलीच्या विटा. आधी ओल्या पोतेऱ्याने धूळ उतरवायची, भेगा मातीने बुजवायच्या आणि त्यावर गेरू किंवा काव पाण्यात कालवून एक हात द्यायचा. तो वाळेपर्यंत चुना तयार होतो. कळीचा चुना आदल्या रात्रीच विरवून ठेवलेला असतो. फडक्याने गाळून त्यात थोडे डिंकाचे पाणी घातले की बोटाला लागत नाही. कुंचा केवड्याच्या मुळीचा ठेचून केलेला, नाहीतर काडीला गुंडाळलेली चिंधी. पुष्कळ घरांत कुंचाही नसतो; तीन बोटे चुन्यात बुडवून विटांवर आणि हंड्याच्या पोटावर आडवे पट्टे ओढतात. तांबड्यावर पांढरे. गोवा, सावंतवाडी, कारवार या भागांतल्या देवळांच्या भिंतींवर जी कावी कला दिसते तिचेही हेच दोन रंग, हीच दोन द्रव्ये. तेथे कारागीर गिलावा ओला असता नक्षी कोरतो आणि ती पिढ्यान् पिढ्या टिकते.

न्हाणीतली नक्षी एक रात्र टिकते.

हंड्याच्या गळ्यात झेंडूची माळ येते. कारवार-मंगळूरच्या बाजूस कारिटाचा वेल गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगठ्याखाली चिरडायचे ते कडू कारीट तेच. चुलीपुढच्या ओट्यावर रांगोळी, कोनाड्यात पणती. मग विहिरीचे किंवा नळाचे पाणी घरातल्या सर्वांनी थोडे थोडे आणून हंडा काठोकाठ भरायचा. हळदकुंकू वाहायचे आणि चूल मात्र तेव्हा पेटवायची नाही. ती पेटते दुसऱ्या पहाटे, चतुर्दशीला, अंधार असताना. तासा-दोन तासांत तोंडाजवळचा चुना धुराने करडा होतो, माळेची खालची फुले आचेने वळतात, पाण्याच्या शिंतोड्यांनी रांगोळी फुटते. सूर्य उगवेपर्यंत निम्मा साज चुलीनेच खाल्लेला असतो, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. शोभेची फळी वर्षभर जशीच्या तशी राहावी अशी अपेक्षा असते. या चुलीचा साज काम सुरू होताच जावा अशीच त्याची योजना आहे.

एक गोष्ट मात्र लिहिणे भाग आहे. नरकचतुर्दशीला सूर्योदयानंतर स्नान करणारा नरकात जातो, असे मुलांना बजावून पांघरुणातून ओढून काढणारी गृहिणी स्वतः पहाटे तीनला उठून चूल फुंकत बसलेली असे. सासरे, दीर, मुले, पाहुणे, प्रत्येकाला तेल, उटणे, ओवाळणे. बऱ्याच घरांत तिची पाळी आली की बाहेर ऊन पडलेले आणि हंड्याच्या तळाशी कोमट पाणी. शास्त्र शब्दशः धरले तर आमच्या कित्येक आज्या-पणज्या कोठे गेल्या असतील, याचा विचार त्या नियमाचा हवाला देणाऱ्यांनी करावा.

आज बेळगावात, खानापुरात, लोंढ्यातही अशा चुली झपाट्याने जात आहेत. गॅसचा गिझर, विजेचा गिझर, छपरावरचा सौर बंब यांपैकी काही ना काही घरी येते. मग विटा उकलतात, जागा मोकळी होते, तेथे कपडे धुण्याचे यंत्र बसते. हंडा मोडीत वजनावर जातो किंवा लाखेचा हात देऊन बैठकीत रोपटे लावण्यास ठेवला जातो. याबद्दल गळा काढणाऱ्या मंडळींत आम्ही नाही. धूर ज्यांनी गिळला त्यांना विचारावे. चुलीच्या धुराने डोळे आणि फुप्फुसे जातात हे आता वादाचे राहिलेले नाही. त्यावर उपाय शोधणारी माणसे आपल्याकडे पूर्वीच होती: वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल झाली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली स्थापन झालेल्या 'अ‍ॅस्ट्रा' या विभागाने धुराडे असलेली 'अ‍ॅस्ट्रा ओले' सिद्ध केली, आणि 'ओले' म्हणजे कानडीत चूलच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस खेडोपाडी गेला. विलायतेतही वेगळे घडले नाही. लंडनमध्ये डिसेंबर १९५२च्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली, त्यात घरोघरच्या कोळशाच्या शेकोट्यांचा वाटा मोठा होता. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि असंख्य शेकोट्या थंड पडल्या. मुलांनी पाठविलेल्या छायाचित्रांतली सुबक कमान पुष्कळदा अशीच निवृत्त झालेली असते.

तरीही पाणी भरण्याची संध्याकाळ जाऊ नये असे आम्हांला मनापासून वाटते. चुलीचे रूप बदलले म्हणून सण सोडून देणारे आपले लोक नव्हेत, याची साक्ष महाराष्ट्राबाहेरची मराठी घरेच देतात. बडोद्याच्या घरांनी शेजारच्या गुजराती घरांत रांधण छठीच्या रात्री चूल धुऊन तिची पूजा होताना आणि शीतळा सातमीला ती थंड ठेवलेली पाहिली आहे. तेथे कितीतरी वर्षे गॅसच्या शेगडीलाच कुंकू लागते, आणि कोणाला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. तंजावरच्या मराठी घरांभोवती पोंगलला अंगणात विटा मांडून चूल होते, भोवती कोलम रेखतात, मडक्याच्या गळ्यात हळदीचे ओले रोप बांधतात. चूल विटांची असो, दगडांची असो की बिडाच्या शेगडीची, ती ज्यांच्यासाठी पेटते त्या सर्वांनी वर्षातून एकदा तिच्यापाशी यावे, एवढाच या सर्वांतला समान धागा. गिझरच्या घरात स्वच्छ घासलेली बादली किंवा घंगाळ न्हाणीत मांडून, त्याला चुन्याचे पट्टे ओढून पाणी भरणारी घरे बेळगावात आहेत. आम्हांला ते बैठकीत रोपटे लावलेल्या हंड्याहून अधिक सुंदर दिसते.

आणि आता परदेशातल्या विटांच्या चुलीकडे वळू. गंमत अशी की इकडे आश्विनात चूल विझली, आणि तिकडे नेमक्या त्याच दिवसांत थंडी पडू लागल्याने ती पेटते. जिच्यापुढे घरातली माणसे खरोखर ऊब घेण्यास बसतात, अशी दिवाळीतली विटांची चूल आता कदाचित लोंढ्यापेक्षा तिकडेच अधिक सापडेल. तेव्हा तिला परकी मानण्याचे कारण नाही. तिच्या स्वभावाची मात्र माहिती हवी. उघड्या शेकोटीची बरीचशी उष्णता धुराड्यावाटे वर निघून जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डने तिची खोली कमी केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा आवळला, तेव्हा कोठे ती खोलीत अधिक ऊब टाकू लागली. आमच्या हंड्याखालच्या चुलीत ज्वाळा थेट बुडाला लागते, उष्णता पाण्यात जाते, समोर बसणाऱ्याला सुखाची धग मिळते. तिकडे ज्वाळा मोकळी असते आणि तिची आच समोर व वर दोन्हीकडे मारते. म्हणून इकडच्यासारखी फुलांची माळ कमानीच्या तोंडावर सोडता येत नाही.

अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमावलीत चुलीच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत लाकूड वा जळणारे काही असू नये असे आहे. त्यापुढेही १२ इंचांपर्यंत फळी किती पुढे यावी यावर बंधन आहे. पुढचा न जळणारा ओटा निदान १६ इंच, तोंड मोठे असेल तर २० इंच असावा लागतो. आपल्या मापाने सांगायचे तर तोंडाभोवती वीतभर जागा पूर्ण रिकामी ठेवावी, आणि समोर हातभर अंतरात कागद, कापूस, गालिचा, पाट काहीही ठेवू नये. वीत नऊ इंचांची आणि हात अठरा इंचांचा. दोन्हींत थोडे अधिकच पडते, ते बरे. तोंड मोठे असल्यास समोर हातावर आणखी चार बोटे सोडावीत. तोरण बांधायचे तर ते फळीच्या वर भिंतीला बांधावे. कागदी आणि प्लॅस्टिकच्या फुलांचे तोरण पेटत्या चुलीच्या खोलीत दुसऱ्या भिंतीला शोभेल. गणपती भाद्रपदात फळीवर बसवला तर हरकत नाही, त्या दिवसांत चूल सहसा बंदच असते. दिवाळीत मात्र मूर्ती, तसबिरी, मेणाचे दिवे आणि दूरचित्रवाणीचा संच यांना त्या फळीवर भाजत ठेवू नये.

वीट तेल पिते. पणती थेट विटेवर ठेवली तर पडलेला डाग पुढच्या भाडेकऱ्यालाही दिसेल. खाली पितळी ताटली हवी. हळद आणि कुंकू ओल्या विटेवर लागले तर निघत नाही, गेरूचेही तेच. स्वतःचे घर असेल तर आम्ही म्हणू की विटांना चकचकीत तैलरंग मुळीच देऊ नये. विटेतला ओलावा आत कोंडतो, मग रंगाचे पापुद्रे निघतात. चुन्याचा हात विटेला मानवतो आणि श्वास घेऊ देतो. भाड्याचे घर असेल तर ओट्यावर कोरडी रांगोळी काढावी, झाडूने निघून जाते. धुराडे वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे, आणि ते सणाच्या आधी. ओल्या लाकडाने आत डांबरासारखा थर धरतो व तो पेटतो.

चूल गॅसची किंवा विजेची असेल, अथवा कायमची बंद असेल, तर आतल्या पोकळीचाच कोनाडा करावा. तेथे पाण्याने भरलेली तांब्याची कळशी ठेवावी, तिच्या पोटावर चुन्याची तीन बोटे, गळ्यात खऱ्या फुलांची माळ, बाजूला समई. पुन्हा पेटवायच्या चुलीतले हे सारे सण होताच आठवणीने बाहेर काढावे. वरची फळी रिकामी राहिली तरी बिघडत नाही. तिच्यावर ठेवायचेच असेल तर उटण्याची वाटी, तेलाची वाटी आणि ओवाळण्याचे तबक ठेवावे; सकाळी सर्वांना ती हाताला लागतील. मुलांना बोलावून प्रत्येकाकडून कळशीत एक एक भांडे पाणी घालून घ्यावे. इंग्रजीत वाढलेल्या नातवंडांना हे काम समजावून सांगावे लागत नाही, असा अनेक घरांचा अनुभव आहे. चुन्यात बोटे बुडवायला मिळतात म्हटल्यावर भाषेची अडचण उरत नाही.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेले असेल तेथे आम्ही त्या वर्षी पट्टे ओढत नाही, माळ घालत नाही. हंडा मात्र घासतो आणि पाणी भरतो. तिकडेही तसेच करावे.

आणि चतुर्दशीच्या पहाटे पहिले स्नान चूल पेटवणारीचे असावे, मग ती चूल लाकडाची असो वा बटणाची. उजाडायला वेळ असतो आणि पाणी काठोकाठ असते.